वर्गाचं काम गोळा करायचं तर दार एकच ठेवा

सातवीची एक तुकडी, पट ५५. विज्ञानाचा चार पानांचा स्वाध्याय दिला आणि ‘फोटो काढून ग्रुपवर टाका’ असं सांगितलं. संध्याकाळपर्यंत ग्रुपवर २२० फोटो येतात. काही आडवे, काही दोनदा आलेले. काही वडिलांच्या नंबरवरून आलेले, आणि वडिलांचा नंबर बाईंच्या फोनमध्ये नावाने जतनच नाही. मधे दोन पालकांनी उद्या शाळा आहे का म्हणून विचारलेलं असतं. कुणाचं आलं आणि कुणाचं राहिलं हे शोधायला तासभर जातो आणि तपासायची वेळ येते तोवर रात्रीचे अकरा वाजतात. त्यातच हुशार मुलाने सात वाजता टाकलेलं उत्तर पुढच्या पंधरा जणांच्या वहीत त्याच्या चुकांसकट उतरलेलं असतं.

व्हॉट्सॲप ग्रुप निरोप द्यायला उत्तम आहे, काम गोळा करायला नाही. काम येण्याचं दार एकच असावं आणि त्या दारातून येणाऱ्या प्रत्येक कागदावर मुलाचा कायमचा नंबर असावा. एवढं जमलं की पुढचं सगळं सोपं होतं. ठाणे-नवी मुंबईतल्या अनुदानित किंवा पालिकेच्या शाळेत सहज मिळतील अशा साधनांत, म्हणजे एक शाळेचं गूगल खातं, एक-दोन फोन आणि संगणक कक्षातला एक चालू संगणक एवढ्यात, हे कसं बसवायचं ते पुढे दिलं आहे.

काय गोळा करायचं, काय नाही

सगळं गोळा करायचा मोह टाळा. रोजचा गृहपाठ वहीतच राहू द्या. बाकांमधून फिरत लाल पेनाने बघणं हे आजही सर्वांत जलद आणि सर्वांत चांगलं तपासणं आहे. डिजिटल रूपात फक्त तेच घ्या, जे पुन्हा कुणीतरी उघडून बघणार आहे. आकारिक मूल्यमापनाची, म्हणजे वर्षभर चालणाऱ्या मूल्यमापनाची, आठ तंत्रं डोळ्यासमोर ठेवा. दैनंदिन निरीक्षणाला फाइलची गरज नाही. प्रकल्प, प्रयोग, उपक्रम आणि तोंडी काम यांचा मात्र पुरावा एरवी हरवतो, कारण मॉडेल घरी जातं, तक्ता भिंतीवरून उतरतो आणि म्हटलेली कविता हवेत विरते. फोन खरा उपयोगी पडतो तो इथे. लेखनाचं महिन्याला एकच चांगलं काम घ्या. एका विषयाची महिन्याला तीनपेक्षा जास्त कामं मागितली तर ती बघितली जाणार नाहीत हे आधीच धरून चाला.

काम देतानाच ते असं द्या की दुसऱ्याचं उतरवून चालणार नाही. ‘पर्जन्यमापकाची आकृती काढा’ म्हटलं की पंचावन्न आकृत्या एकसारख्या येतात. त्याऐवजी ‘जुलैत सात दिवस तुमच्या इमारतीच्या गच्चीवर किंवा चाळीच्या अंगणात बाटलीचा पर्जन्यमापक ठेवा आणि रोज सकाळी सात वाजता पाणी मोजा’ असं सांगा. मग घोडबंदरच्या मुलाचे आकडे आणि कळव्याच्या मुलाचे आकडे वेगळे येतात, आणि एकाच सोसायटीतल्या दोघांचे अगदी तंतोतंत जुळले तर त्यांच्याशी बोलायला तुमच्याकडे मुद्दा असतो.

नंबर कुठला?

हजेरीक्रमांक वापरू नका. तो दर जूनमध्ये बदलतो, आणि वर्षाच्या मधे नवीन मूल आलं की खालच्या सगळ्यांचा सरकतो. नावही पुरेसं नाही. एका तुकडीत दोन आर्या पाटील असणं ठाण्यात नवलाचं नाही, शिवाय पालक एकच नाव चार तऱ्हांनी लिहितात. जनरल रजिस्टरचा, म्हणजे शाळेच्या प्रवेशनोंदवहीतला नंबर वापरा. मूल शाळेत दाखल झाल्यापासून दाखला नेईपर्यंत तो बदलत नाही, लेखनिकांकडे लगेच मिळतो आणि चार-पाच आकड्यांत बसतो. सरल किंवा यू-डायस या सरकारी नोंदींमधला विद्यार्थ्याचा नंबरही कायमचा आहे, पण तो इतका लांब की मूल लिहिताना एखादा आकडा खातंच.

मुलांना पहिल्याच आठवड्यात सांगा की जमा करायच्या प्रत्येक पानाच्या उजव्या वरच्या कोपऱ्यात रजिस्टर नंबर आणि पान क्रमांक, उदाहरणार्थ ‘४५१२, पान २ पैकी ४’. फाइलचं नाव चुकलं, फोटो उलटा आला, दोघांचे गठ्ठे मिसळले, तरी पानच सांगतं की ते कुणाचं आहे. ही सवय लागायला दोन आठवडे लागतात. तोवर नंबर नसलेलं पान परत करा, रागावू नका.

खातं शाळेचं, शिक्षकाचं नाही

उत्साही शिक्षक आपल्या खासगी जीमेलवरून सगळं सुरू करतात आणि बदली झाली की तीन वर्षांचं काम त्यांच्याबरोबर जातं. म्हणून शाळेच्या नावाने वेगळं खातं उघडा. पासवर्ड मुख्याध्यापक आणि आणखी एक जबाबदार व्यक्ती अशा दोघांना माहीत हवा. खातं परत मिळवण्यासाठी दिलेला मोबाइल नंबर शाळेचा असावा. निवृत्त झालेल्या लेखनिकांच्या फोनवर ओटीपी जातो म्हणून खातं उघडत नाही, ही अडचण ऐन तपासणीच्या दिवशीच समोर येते. दोन टप्प्यांची पडताळणी चालू करा, तिचे बॅकअप कोड छापून घ्या आणि पासवर्डबरोबर बंद लखोट्यात कपाटात ठेवा. खातं सलग दोन वर्षं वापरलं नाही तर गूगल ते काढून टाकू शकतं, त्यामुळे जुनी खाती अडगळीत टाकू नका.

साध्या खात्यात १५ जीबी जागा मिळते. ती मेल, ड्राइव्ह आणि फोटो यांच्यात मिळून असते. ही पुरेल का, याचा हिशोब मांडून बघा. फोनने काढलेला एक फोटो साधारण ४ एमबी. २२० पानं म्हणजे ८८० एमबी. वर्षात अशी तीस कामं झाली तर २६ जीबी, म्हणजे दिवाळीनंतर लवकरच खातं भरतं. तीच पानं स्कॅन करून पीडीएफ केली की एका पानाला साधारण ३०० केबी लागतात, एका कामाला ६६ एमबी आणि वर्षाला जेमतेम २ जीबी. म्हणून ‘फोटो नको, स्कॅन केलेली पीडीएफ’ हा नियम जागेसाठीही आहे. वाचायलाही तीच सोपी पडते.

फॉर्म बनवणं

एका तुकडीला, एका विषयाला, वर्षभरासाठी एकच गूगल फॉर्म करा. दर कामाला नवा फॉर्म केला तर जानेवारीपर्यंत तीस लिंका फिरत असतात आणि पालक हमखास जुन्यात टाकतात. फॉर्म शाळेच्या खात्यातूनच उघडा.

१. पहिला प्रश्न ‘विद्यार्थी’, प्रकार ड्रॉपडाउन. पर्यायांत रजिस्टर नंबर आणि फक्त पहिलं नाव. एक्सेलमधली अख्खी यादी कॉपी करून पहिल्या पर्यायाच्या चौकटीत चिकटवली की प्रत्येक ओळ आपोआप वेगळा पर्याय होते, त्यामुळे पंचावन्न वेळा टाइप करत बसावं लागत नाही. हा प्रश्न मोकळ्या उत्तराचा ठेवलात तर नंबर मराठी आकड्यांत, इंग्रजी आकड्यांत, मागेपुढे जागा सोडून, असा पाच तऱ्हांनी येईल आणि पुढचा सगळा हिशोब कोलमडेल.

२. दुसरा प्रश्न ‘काम क्रमांक’, हाही ड्रॉपडाउन. ‘०१ पर्जन्यमापक’, ‘०२ पानांचा संग्रह’ असं. नवं काम दिलं की एक पर्याय वाढवा. दिलेला पर्याय नंतर बदलू नका, आधी आलेल्या उत्तरांत जुनंच नाव राहतं.

३. तिसरा प्रश्न फाइल अपलोड. फक्त ठरावीक प्रकार घेण्याचं बटण चालू करून पीडीएफ, चित्र आणि ध्वनी निवडा. जास्तीत जास्त फाइली ५, एका फाइलची मर्यादा १० एमबी. व्हिडिओचा पर्याय बंदच ठेवा.

४. फॉर्मची एकूण मर्यादा सुरुवातीला १ जीबी असते. ती भरली की फॉर्म नवीन उत्तरं घेणं थांबवतो, आणि पालकांना वाटतं की शाळेने मुद्दाम बंद केला. सेटिंगमध्ये जाऊन ती पहिल्याच दिवशी १० जीबी करा.

५. ‘एका व्यक्तीला एकच उत्तर’ ही सेटिंग बंद ठेवा. आपल्याकडे दोन भावंडांत एक फोन असतो. ती चालू राहिली तर जुळ्यांपैकी एकाचं जातं आणि दुसऱ्याला फॉर्म ‘तुम्ही आधीच उत्तर दिलं आहे’ म्हणतो. दुसऱ्यांदा आलेलं काम हीही अडचण नाही, शेवटचं धरायचं.

६. उत्तरांच्या टॅबमधून फॉर्म गूगल शीटला जोडा.

लिंक ग्रुपवर पाठवण्याआधी दुसऱ्या खात्याच्या फोनवरून स्वतः एक फाइल टाकून बघा. फाइल अपलोडचा प्रश्न असला की भरणाऱ्याला गूगल खात्यात साइन इन असावंच लागतं. ॲन्ड्रॉइड फोनवर ते बहुधा आधीच असतं, आयफोनवर नसतं. आलेली फाइल उघडलीत की आणखी एक गोष्ट दिसेल. मुलाने दिलेल्या नावाच्या शेवटी ज्या खात्यातून ती आली त्याचं नाव गूगल जोडतं. म्हणजे मुलगी सई, पण फाइलच्या नावात ‘संतोष’ किंवा दुकानात फोन घेताना कुणीतरी घातलेलं भलतंच नाव. म्हणूनच ड्रॉपडाउनमधला नंबर हीच ओळख. फाइलच्या नावावर कधी विसंबू नका.

लिंक ग्रुपवर पाठवून तो संदेश पिन करा. पिन जास्तीत जास्त ३० दिवस राहते, दर महिन्याच्या एक तारखेला पुन्हा लावा. ग्रुपमध्ये फक्त ॲडमिनना लिहिता येईल अशी सेटिंग ठेवली तर लिंक शुभेच्छांखाली गाडली जात नाही.

शीट: कुणाचं आलं, कुणाचं राहिलं

फॉर्मची उत्तरं ज्या टॅबमध्ये पडतात तिथे हाताने काहीही लिहू नका. शेजारच्या कॉलममध्ये गुण लिहिले आणि मग उत्तरांची क्रमवारी बदलली की एकाचे गुण दुसऱ्यासमोर जातात, आणि हे लक्षात येतं तेव्हा प्रगतिपुस्तकं छापून झालेली असतात.

वेगळा टॅब करा, त्याला ‘पट’ नाव द्या. डावीकडे पहिल्या कॉलममध्ये फॉर्ममधली तीच यादी, अक्षर न अक्षर तीच. वरच्या ओळीत कामांची नावं, तीही फॉर्ममधल्यासारखीच. मधल्या चौकटीत काउंटइफ्स (COUNTIFS) हे सूत्र घाला. उत्तरांच्या टॅबमध्ये या विद्यार्थ्याच्या आणि या कामाच्या किती नोंदी आहेत, एवढंच ते मोजतं. सूत्र उजवीकडे आणि खाली ओढण्याआधी विद्यार्थ्याच्या संदर्भात कॉलमच्या अक्षरापुढे आणि कामाच्या संदर्भात ओळीच्या आकड्यापुढे डॉलरचं चिन्ह लावा, नाहीतर ओढताना दोन्ही सरकतात. मग सशर्त रंग द्या, शून्य असेल तर चौकट लाल. आता टॅब उघडला की एका नजरेत कळतं की काम तीनचे अकरा जण राहिलेत. वरून खाली बघितलं की काम कठीण होतं का ते दिसतं आणि डावीकडून उजवीकडे बघितलं की एखादं मूल मागे पडू लागलंय का ते. सलग तीन लाल चौकटी दिसल्या तर गुण कापण्याआधी त्या मुलाशी बोला. बहुतेक वेळा फोन बिघडलेला असतो, किंवा घरात कुणी आजारी असतं.

दोन बारीक चुका इथे फार छळतात. शीटच्या सेटिंगमध्ये वेळक्षेत्र (टाइम झोन) कोलकाता आहे का बघा. ते परदेशातलं असेल तर रात्री नऊला आलेलं काम भलत्याच वेळेचं दिसतं आणि वेळेवर देणाऱ्या मुलावर उशिराचा शिक्का बसतो. दुसरी आकड्यांची. गुण लिहिताना मराठी कीबोर्ड चालू राहिला तर शीटला तो आकडा वाटत नाही, मजकूर वाटतो, आणि बेरीज त्याला गाळते. बेरीज कमी आली की गणिताआधी कीबोर्ड तपासा. जुन्या याद्या शिवाजी किंवा कृतिदेवसारख्या फॉन्टमध्ये टाइप केलेल्या असतील तर त्या चिकटवल्यावर अगम्य चिन्हं उमटतात. आधी युनिकोडमध्ये बदलून घ्या.

घरून पाठवायचं पान कसं स्कॅन करावं

जूनच्या पहिल्या पालकसभेत दहा मिनिटं यासाठी काढा आणि पालकांकडून त्यांच्याच फोनवर एकदा करवून घ्या. ग्रुपवर व्हिडिओ पाठवण्यापेक्षा याचा दसपट उपयोग होतो. बहुतेक ॲन्ड्रॉइड फोनमध्ये गूगल ड्राइव्ह आधीच असतं आणि त्यातच स्कॅनची सोय आहे, वेगळं ॲप लागत नाही. जून २०२० मध्ये केंद्र सरकारने बंदी घातलेल्या ५९ ॲपमध्ये कॅमस्कॅनर होतं. ते अजून कुणाच्या जुन्या फोनमध्ये असेल तर काढायला सांगा.

ड्राइव्ह उघडून कॅमेऱ्याचं चिन्ह दाबायचं, पानाचा फोटो घ्यायचा, कडा ओढून पानाला लावायच्या, अधिकच्या चिन्हाने पुढचं पान घ्यायचं आणि चारही पानं झाल्यावर एकदाच जतन करायचं. प्रत्येक पानाची वेगळी पीडीएफ ही सर्वांत जास्त होणारी चूक आहे, ती पालकसभेतच दाखवून द्या.

पान अंधूक येतं त्याचं कारण जवळपास नेहमी उजेड असतो. रात्री ट्यूबखाली उभं राहून फोटो घेतला की हाताची आणि फोनची सावली बरोबर मजकुरावर पडते. पान खिडकीजवळ जमिनीवर ठेवावं, उजेड डावीकडून यावा, फोन पानाच्या अगदी वर समांतर धरावा. रात्रीच काढायचा असेल तर ट्यूब पाठीमागे नको, समोर किंवा बाजूला हवी. पेन्सिलचं काम ‘काळा-पांढरा’ फिल्टर लावला की पुसलं जातं, त्याला ‘रंगीत’ किंवा ‘करडा’ ठेवा. नकाशे आणि आकृत्या रंगीतच. वहीचं पान मधल्या शिवणीजवळ वाकतं आणि तिथली अक्षरं गोल होतात, म्हणून जमा करायचं काम सुट्या आखीव कागदावर घेतलं तर अर्धा त्रास वाचतो.

तोंडी कामाला व्हिडिओ मागू नका. एक मिनिटाचा फुल एचडी व्हिडिओ सहज १०० एमबीच्या वर जातो, पंचावन्न मुलांचे मिळून साडेपाच जीबी. कवितावाचन किंवा उताऱ्याचं प्रकट वाचन फोनच्या रेकॉर्डरवर घेतलं तर मिनिटाला एक-दोन एमबी पुरतात. त्यात चेहरा येत नाही, घर दिसत नाही, आणि लाजणारं मूलही मोकळं वाचतं. रेकॉर्डिंगच्या सुरुवातीला मुलाने स्वतःचा रजिस्टर नंबर उच्चारायचा.

मुदत कधीची?

इथे गावाचा आणि घरांचा विचार करावा लागतो. दिघा, तुर्भे, वागळे, मुंब्रा इथल्या कितीतरी घरांत स्मार्टफोन एकच असतो आणि तो सकाळच्या लोकलने कामावर जातो, रात्री नऊला परत येतो. ‘आज संध्याकाळी सहापर्यंत’ ही मुदत अशा मुलाला पाळताच येत नाही. मुदत रविवारी रात्री दहाची ठेवा आणि काम मंगळवारी द्या. गणपतीत अर्धा वर्ग कोकणात असतो आणि तिथे रेंज मिळेल याचा भरवसा नसतो, तेव्हा त्या दहा दिवसांत कुठलीच मुदत नको. मुसळधार पावसाने अचानक सुट्टी जाहीर झाली तर मुदत आपोआप दोन दिवस पुढे, हा नियम आधीच सांगून ठेवा. फॉर्म मात्र बंद करू नका. वेळ शीटमध्ये उमटतेच, उशीर किती झाला ते तिथे दिसतं. दार बंद झालं की उशिरा का होईना काम करणारं मूल कामच सोडून देतं.

ज्यांच्याकडे फोन नाही त्यांच्यासाठी शाळेतलं टेबल

हा भाग जोडकाम म्हणून करू नका. पालिकेच्या शाळेत आणि पहिली ते चौथीच्या वर्गांत हाच मुख्य रस्ता असावा, आणि खरं तर सगळ्याच शाळांना तो घरून पाठवण्यापेक्षा जास्त भरवशाचा पडतो.

खिडकीजवळ एक टेबल लावा, त्यावर पांढरा नव्हे, गडद कागद चिकटवा. पांढऱ्यावर पांढरं पान ठेवलं की स्कॅनरला कडा सापडत नाहीत. त्या कागदावर ए-फोर पानाची चौकट पट्टीने आखून घ्या. फोनचा स्टँड असा बसवा की फोन पानापासून साधारण ३५ ते ४० सेंटीमीटर वर, तोंड खाली आणि पान पूर्ण चौकटीत येईल. स्टँड नसेल तर दोन बाजूंना पुस्तकांचे सारख्या उंचीचे ढीग आणि त्यांवर आडव्या दोन लाकडी पट्ट्या ठेवूनही काम होतं. डोक्यावरचा पंखा बंद करा. पानं उडतात, आणि ट्यूब पंख्याच्या वर असेल तर पात्यांच्या सावल्या स्कॅनमध्ये पट्टे बनून येतात.

शाळेच्या फोनवर शाळेचं खातं चालू ठेवा. मूल येतं, चार पानं स्कॅन होतात, मग त्याच फॉर्ममध्ये त्याचं नाव निवडून फाइल टाकली जाते. म्हणजे घरून आलेलं आणि शाळेत घेतलेलं काम एकाच शीटमध्ये पडतं, आणि कुणाच्या घरी फोन नाही हे वर्गात उघडं होत नाही. एका मुलाला दोन मिनिटं लागतात. पंचावन्न जणांना एकदम रांगेत उभं केलं तर दोन तास गोंधळ होईल. रोज अकरा जण, पाच दिवस, मधल्या सुट्टीआधीची वीस-पंचवीस मिनिटं असं बसवा. मोठ्या वर्गातले दोन विद्यार्थी मदतीला घेतले तर तिसऱ्या दिवसापासून शिक्षकाला तिथे उभंही राहावं लागत नाही.

सुटे कागद भरपूर असतील, जसे घटक चाचणीचे पेपर, तर कार्यालयातलं झेरॉक्स मशीन बघा. बऱ्याच यंत्रांत वरच्या ट्रेमधून कागद खेचून थेट पेनड्राइव्हवर पीडीएफ करायची सोय असते आणि कुणी ती कधी वापरलेली नसते. २०० डीपीआय आणि करडा रंग पुरेसा. ट्रेमध्ये घालण्याआधी पिना काढा आणि पुरवण्यांचे दोरे सोडा. एक विसरलेली पिन काच ओरखडते आणि मग पुढच्या प्रत्येक पानावर उभी रेघ येते.

क्लासरूम कधी घ्यावं

गूगल क्लासरूम हे काम देणं, घेणं आणि परत करणं एकाच जागी करणारं, यापेक्षा पुढचं साधन आहे, पण त्याला प्रत्येक मुलाचं स्वतःचं खातं लागतं. भारतात १३ वर्षांखालच्या मुलाला स्वतःच्या जबाबदारीवर गूगल खातं चालवता येत नाही, त्यामुळे सातवीपर्यंत वडिलांच्या खात्यातून क्लासरूम चालवणं हा घोळच होतो. शाळेने स्वतःचं डोमेन घेऊन गूगलच्या शिक्षणसंस्थांसाठीच्या मोफत वर्कस्पेस सेवेला अर्ज केला तर पालकांच्या संमतीने शाळाच मुलांची खाती बनवू शकते आणि संस्थेला मिळून १०० टीबी जागा मिळते. पात्रतेची पडताळणी होते, कागदपत्रं लागतात, म्हणून अर्ज मे महिन्यातच करा. आठवी ते दहावीला हे जरूर करावं. तिथे ‘प्रत्येक विद्यार्थ्याला स्वतंत्र प्रत’ हा पर्याय निवडला की उत्तरपत्रिकेचा साचा प्रत्येकाला आपोआप मिळतो, काम जमा केल्यावर मुलाला ते बदलता येत नाही आणि तुम्ही परत केल्यावर पुन्हा बदलता येतं. चौथी-पाचवीला यातलं काही लागत नाही.

तपासून परत देणं

यंत्राने गोळा करण्याचा वेळ वाचतो, वाचण्याचा वाचत नाही. एका कामाला तीन मिनिटं धरली तर पंचावन्नांना पावणेतीन तास, आणि विषय शिक्षकाकडे अशा चार-पाच तुकड्या असतात. म्हणून दर वेळी एक तृतीयांश, म्हणजे अठरा-एकोणीस कामं नीट वाचा आणि प्रत्येकावर दोन वाक्यं लिहा. एक काय जमलं त्याचं, एक पुढच्या वेळी काय बदलायचं त्याचं. बाकीच्यांचं फक्त पूर्ण आहे का बघा. तीन कामांत सगळ्या वर्गाची पाळी येते. कुठल्या कामात कुणाची पाळी हे ‘पट’ टॅबमध्ये आधीच खुणेने ठरवून ठेवा, नाहीतर नकळत पहिल्या बाकावरच्याच मुलांचं वाचलं जातं.

अभिप्राय आठ दिवसांत परत गेला पाहिजे. ड्राइव्हमध्ये पीडीएफवर टिप्पणी लिहिता येते, पण ती मुलापर्यंत पोचायला फाइल त्याच्या खात्याशी शेअर करावी लागते आणि फोन घरी नसला तर तीही दिसत नाही. सोपं म्हणजे शीटमधले अभिप्राय चार बोटं रुंदीच्या पट्ट्यांवर छापा, कापा आणि वहीत चिकटवायला द्या. बाईंनी आपलं वाचलं हे मुलाला हातातल्या कागदावरून जेवढं कळतं तेवढं पडद्यावरून कळत नाही.

खासगीपणा

डिजिटल वैयक्तिक डेटा संरक्षण कायदा, २०२३ नुसार १८ वर्षांखालची प्रत्येक व्यक्ती बालक आहे आणि तिची माहिती हाताळताना पालकांच्या संमतीला मध्यवर्ती स्थान आहे. प्रवेशाच्या वेळी किंवा पहिल्या पालकसभेत एका पानाचं संमतीपत्र घ्या. त्यात काय गोळा होणार, कुठे राहणार, कोण बघणार आणि कधी पुसलं जाणार, हे साध्या मराठीत लिहा. ड्राइव्हमधल्या कुठल्याही फोल्डरला ‘लिंक असलेल्या कुणालाही’ ही सूट देऊ नका. ती लिंक एकदा पालक ग्रुपवर गेली की मुलांची अक्षरं, आवाज, चेहरे कुठेही जाऊ शकतात. दुसऱ्या शिक्षकाला दाखवायचं असेल तर त्यांच्या ईमेलवरच शेअर करा. गुणांची यादी ग्रुपवर टाकायची नाही. फॉर्ममध्ये आधार, पत्ता, फोन यांपैकी काही विचारू नका, कामाला ते लागतच नाही.

एप्रिल-मे

परीक्षा संपल्यावर प्रत्येक मुलाची पाच-सहा कामं निवडून त्याच्या संचिकेत ठेवा. निवड मुलालाच करू द्या, फक्त एक काम जूनमधलं आणि एक मार्चमधलं असावं, म्हणजे फरक दिसतो. ड्राइव्हमध्ये रजिस्टर नंबराच्या नावाचं फोल्डर करून त्यात ही कामं हलवा. पुढच्या इयत्तेच्या वर्गशिक्षकांना तेच फोल्डर मिळतं आणि नंबर तोच असल्याने पुन्हा काही जुळवावं लागत नाही.

मग सगळ्याची एक प्रत शाळेत उतरवून घ्या. ड्राइव्ह मोठं फोल्डर झिप करताना त्याचे तुकडे करतं, सगळे तुकडे आले का मोजा. एक प्रत कार्यालयाच्या हार्डडिस्कवर आणि एक पेनड्राइव्हवर. उतरवल्यावर मधल्याच कुठल्यातरी पाच फाइली उघडून बघा. न उघडणारी प्रत असून नसल्यासारखी. त्यानंतर उरलेली कामं ड्राइव्हमधून काढून टाका. ती ३० दिवस कचरापेटीत राहतात आणि तोवर जागा अडवतात, म्हणून जून उजाडण्याआधी कचरापेटीही रिकामी करा.

शेवटी नवीन वर्षाचा फॉर्म जुन्याची प्रत काढून करा, यादी नव्या तुकडीची चिकटवा, एकूण मर्यादा पुन्हा १० जीबी आहे ना बघा आणि पासवर्ड बदला. नवा पासवर्ड नव्या लखोट्यात, लखोट्यावर तारीख आणि मुख्याध्यापकांची सही.